दुखणं : अजिबात नाही

गुरुवार, ९ जानेवारी

दवाखान्यात आज नवीन खूळ. बीडला मालनच्या सलाईनचा नंबर लागायची वाट बघत बसलो होतो (किमोला सगळे सलाईनच म्हणतात, आता मीही म्हणतो), तेवढ्यात निळा ॲप्रन घातलेली एक मुलगी आली. नाव सायली. हातात कागदांचा गठ्ठा. "काका, मावशींचा फॉर्म भरायचाय. आजारपणात रोजचं जगणं कसं चाललंय याचे प्रश्न आहेत. ऐच्छिक आहे, नको वाटलं तर राहू द्या." ऐच्छिक हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सगळी नोकरी ऐकला. ऐच्छिक म्हणजे जो करणार नाही त्याचं नाव वर कळवलं जातं. म्हटलं, द्या इकडे.

चालताना त्रास होतो का, झोप लागते का, मळमळ होते का, दुखतं का. प्रत्येकापुढे चार चौकोन : अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप. भाषा कुणीतरी इंग्रजीतून फरपटत आणलेली. 'आपण तणावग्रस्त होता का' असं आमच्या केजच्या कुठल्या बाईनं कुणाला विचारलंय? मी दोन ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्ती करून दिली. सायली हसली. पोरगी बरी आहे.

मालन सातवी शिकलेली, स्वतः वाचते, पण चष्मा घरी राहिला होता म्हणून मी वाचत गेलो. दुखण्याला तिनं 'बरंच' सांगितलं.

"बरंच? सकाळी तर भाकरी टाकल्यास."

"टाकल्या की. उभ्यानं टाकल्या, बसता येत न्हाई म्हणून."

मी 'थोडंसं' वर खूण केली. माणूस दवाखान्यात आला की दुखणं वाढवून सांगतोच. पुढे एक प्रश्न होता, एकटं वाटतं का. मी तो ओलांडून चाललो होतो, मी चोवीस तास घरात असताना एकटं काय वाटायचंय. तर म्हणाली, "त्यो परत वाचा." परत वाचला. गमतीनं विचारलं, खूप लिहू का? म्हणाली, "लिवा तुमाला वाटंल ते." 'अजिबात नाही' लिहिलं.

रविवार, १९ जानेवारी

पवनचा पुण्याहून फोन. आईची तब्येत विचारत होता. सुधारते आहे म्हणून सांगितलं. मागच्या वर्षी छातीची गाठ काढली तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. दिवाळीत कळलं की आजार मणक्यात उतरलाय. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, पूर्ण जाणार नाही, पण सलाईननं लांबवता येईल. आता लांबवत लांबवत नेलं की झालं. तोवर नवीन औषध निघेलच. माणसानं सलाईन सोडायची नाही, एवढंच आपल्या हातात.

मालनला विचारलं, पवनशी बोलतेस का. म्हणाली, "तुमी सांगितलं की."

गुरुवार, ३० जानेवारी

आजचा दिवस वाईट. आमच्या रांगेत गेवराईकडचा सुग्रीव असतो, वाळूच्या टिप्परवर ड्रायव्हर होता. जबड्याचा कॅन्सर. बोलता येत नाही म्हणून फॉर्म स्वतःच भरतो. आज त्यानं पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत सगळीकडे 'खूप'वर खूण केली, पेन असं दाबून की कागद फाटला. सायली तो कागद घेऊन तडक मॅडमकडे गेली. पाच मिनिटांत त्याच्या भावाला आत बोलावलं. मग दोघांना शेवटच्या खोलीत पाठवलं. तिथे महिन्यातून एकदा संभाजीनगरहून दुखण्याचे डॉक्टर येतात. भाऊ बाहेर आला तो भिंतीला टेकून रडायला लागला. सलाईन बंद. पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि घरी न्या म्हणाले.

आमच्या शेजारी चंद्रभागाबाई बसली होती. केजजवळच्याच खेड्यातली, पोटाचा आजार, सोबत मुलगा भागवत. ती म्हणाली, "सगळं खूप खूप लिवलं बघा त्यानं. कावून लिवायचं असं? हातानं मरण मागितलं."

भागवत म्हणाला, "आई, त्याचं आधीच लई वाढलं व्हतं."

"तू गप बे. मागल्या खेपंला चालूच व्हती की सलाईन!"

बाई शिकलेली नाही, पण बोलली ते मला खोटं वाटेना. शाळेत मी हेच बघितलं. पटावर कमी मुलं लिहिली की शिक्षक उचलून नेतात, गळती लिहिली की शाळा बंद करायची नोटीस येते. खालून वर गेलेला आकडा पुन्हा खाली येतो तो आदेश होऊनच येतो. सुग्रीवनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

तहसीलला गेलो होतो, तिथे भागवत भेटला. सुग्रीव गेला. घरी येऊन मालनला सांगितलं. भागवतनं सुग्रीवच्या भावाला फोन केला होता, तो म्हणाला म्हणे की त्या पांढऱ्या गोळ्यांनी शेवटी दुखणं थांबलं, चार घास खाल्ले, शांत झोपायचा.

मालन ताटात तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "झोप लागली त्याला?"

"झोपच लागली कायमची," मी म्हणालो. "त्या गोळ्या त्यासाठीच असतात. डॉक्टरांनी हात टेकले की देतात."

ती परत तांदूळ निवडायला लागली. मी मात्र ठरवून टाकलं आहे. आमच्या घरात तो प्रकार होऊ द्यायचा नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

संध्याकाळी मालनची तयारी करून घेतली. तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी मी वर्गाची अशीच करून घ्यायचो. मुलं हुशार असली तरी साहेबांपुढे भलतंच बोलून बसतात, म्हणून आधी घोटून घ्यावं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली.

"मळमळ?"

"न्हाई."

"अजिबात नाही, असं म्हण. झोप?"

"लागती."

"दुखणं?"

तिनं उशी पाठीमागून काढून दुसऱ्या बाजूला ठेवली. मग म्हणाली, "गुरुजी, खरं सांगितलं तर काय व्हईल?"

"सुग्रीवचं झालं ते."

"बरं," म्हणाली. "अजिबात न्हाई."

शाबास म्हटलं. पाठांतर पहिल्यापासून चांगलं आहे तिचं. लग्नानंतर बावीसच्या बावीस प्रतिज्ञा माझ्याआधी तिच्या पाठ झाल्या होत्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जीपमध्ये चंद्रभागाबाई, भागवत आणि केजकडचे आणखी दोन पेशंट होते. मांजरसुंब्यापर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं. हे नुसतं विचारपूस करणं नाही, यावरून कुणाची सलाईन चालू ठेवायची ते ठरतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटं बोला असं मी म्हटलं नाही, फक्त एक पायरी खाली सांगा म्हटलं. चंद्रभागाबाई हात जोडून म्हणाली, "गुरुजी, तुमी व्हतात म्हणून कळलं. आमी अडाणी, इच्चारलं की सांगून मोकळं व्हतो."

रांगेत बसून सगळ्यांचे फॉर्म मीच भरले. आधी निम्मे लोक नको नको म्हणायचे, आज एकानंही नाही म्हटलं नाही. सायलीला आनंद झाला. मॅडम मालनचा फॉर्म बघून म्हणाल्या, "छान! सोसतंय तुम्हाला. हेच औषध चालू ठेवू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत डॉक्टरच्या तोंडून छान हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

येताना जीप थांबवावी लागली. मालनला दोनदा उलटी झाली. उन्हात उसाचा रस प्यायली, तो बाधला असणार. मी म्हणतच होतो घेऊ नको.

गुरुवार, १३ मार्च

फॉर्मचं काम आता शिस्तीत चाललं आहे. इतर तालुक्यांचे लोकसुद्धा 'गुरुजी कुठे बसलेत' विचारत येतात. हे लिहिताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही विचारत नव्हतं.

सायली मात्र आज वेगळीच वागली. मालनशेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि फॉर्म न बघता विचारायला लागली. मालननं माझ्याकडे बघितलं आणि सगळी उत्तरं बरोबर दिली. एकही चुकलं नाही. सायली म्हणाली, "काका, मी मावशींशी दोन मिनिटं एकटीनं बोलू का?"

"कशाला? माझ्याशिवाय तिचा गोंधळ होतो."

सायलीनं मालनकडे बघितलं. मालन म्हणाली, "त्येंच्यासमोरच इच्चार बाई. त्येच सांगत्यात माझं."

घरी आल्यावर भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आपण एक खेप न्हाई गेलो तर?" मी चिडलो. म्हटलं, लोक इथे जगायला धडपडतात आणि तू थांबवायची भाषा करतेस! मी कुणासाठी एवढं करतोय? नंतर मलाच वाईट वाटलं. चहा करून दिला. थंड होऊन तसाच पडला होता.

गुरुवार, ३ एप्रिल

शेवटच्या खोलीला कुलूप! सायलीला विचारलं तर म्हणाली, दुखण्याच्या डॉक्टरांची गाडी या महिन्यापासून दुसऱ्या जिल्ह्याला जाणार. त्या खोलीत कुणी पाय ठेवत नाही, आणि फॉर्मच्या आकड्यांवरून इथे कुणाला फारसं दुखतच नाही असं निघालं. जिथे गरज आहे तिथे गाडी पाठवायची, असं वरून ठरलं. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

रांगेत बातमी मीच सांगितली. चंद्रभागाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "गेली बया एकदाची! त्या दाराकडं बघायलाबी नको वाटायचं." सगळ्यांनाच हायसं वाटलं. मलाही वाटलं.

मालन बाकावर आडवी झाली होती. मॅडमनी विचारलं, बसवत नाही का? मी म्हणालो, प्रवासाचा शीण.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. दर वर्षी मालन पहाटे उठून पांढरी साडी नेसते, बायांना घेऊन विहारात जाते. आज उठली नाही. मी साडी काढून ठेवली, म्हटलं नेसवतो. तिला कुशीवर वळवायला गेलो आणि ती ओरडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता, पवनच्या वेळीही नाही. शेजारच्या बाया वंदना सोडून धावत आल्या. एकीनं तिच्या तोंडातून पदर सोडवला तर तो दातांनी चिरलेला होता, आणि तो एकाच जागी नाही. जुन्या चिरा होत्या, बारीक टाके घालून शिवलेल्या.

बाई म्हणाली, "गुरुजी, तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

मी मालनला विचारलं, किती दुखतंय? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थोडंसं."

बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत होते. कुणीतरी ते लांब न्यायला सांगितलं.

बुधवार, १६ एप्रिल

केजच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दोन तास बरं, परत तेच. मेडिकलवाल्याकडे होत्या तेवढ्या दुखण्याच्या गोळ्या आणल्या. तो म्हणाला, याच्या पुढची गोळी आम्हाला ठेवायला परवानगी नाही, ती त्या डॉक्टरांकडेच मिळते. कुठल्या डॉक्टरांकडे ते मला विचारावं लागलं नाही.

सायलीला फोन केला. सगळं सांगितलं. तयारी करून घेतल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "काका, त्या गोळ्या मरणाच्या नसतात हो. सलाईन चालू असतानासुद्धा देतात. 'खूप' लिहिलं की लगेच द्यायच्या, त्यासाठीच तर तो फॉर्म होता." सुग्रीवचं विचारलं. म्हणाली, त्याची सलाईन बंद करायचं आठ दिवस आधीच ठरलं होतं.

आज जेवण केलं नाही. मालनला पाणी चमच्यानं पाजतो.

गुरुवार, १७ एप्रिल

मालनजवळ शेजारणीला बसवून एकटाच बीडला गेलो. मॅडमपुढे उभा राहिलो. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मावशींसाठी मी दुखण्याच्या डॉक्टरांना आजच फोन करते, त्यांची नर्स घरी येऊन बघेल. दोन-चार दिवस लागतील. पण खोली परत सुरू व्हायला आकडे लागतात. आज जे आलेत त्यांचे खरे फॉर्म मिळाले तर मी लगेच पाठवते."

मी रांगेत आलो. चंद्रभागाबाई रक्ताच्या तपासणीला आली होती, तिच्याजवळ बसलो. तिचा चेहरा पाहिला, आज नीट पाहिला. कपाळावर घाम होता आणि एक हात पोटावरून हलत नव्हता. म्हटलं, बाई, माझं चुकलं. मी सांगितलं ते उलटं होतं. दुखतंय ते खरं लिहा, गोळी मिळेल. सलाईन बंद होत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मालनबाई कुठं हायत?"

"घरी. उठवत नाही."

"मंग तसं म्हणा की." तिनं पोटावरचा हात न काढता मान फिरवली. "गुरुजी, रागावू नका. तुमचं माणूस आता गेल्यात जमा हाय, म्हणून तुमाला खरं लिवायला सुचतंय. माझं आजून चालू हाय. मला नातीचं लगीन बघायचंय. मी न्हाई लिवायची."

"आई, गुरुजी सांगतेत तर ऐक की," भागवत म्हणाला.

"गुरुजींनीच शिकवलंय मला. आता इसरू म्हणतेत. आसं कुटं आसतंय का?"

मी एकेकाजवळ गेलो. हात जोडले. एकानं तर, मॅडमनी शिकवून पाठवलंय का, असं विचारलं. सगळ्यांनी फॉर्म भरायला मात्र होकार दिला. सायली एकेकाला विचारत पुढे जात होती आणि माझ्या कानावर येत होतं. अजिबात न्हाई. अजिबात न्हाई. थोडंसं. अजिबात न्हाई.

शनिवार, १९ एप्रिल

पवन आला. आईला बघून माझ्याकडे न बघता बाहेर गेला. परत आत आल्यावर एवढंच म्हणाला, "तुम्ही तर सुधारतेय म्हणत होतात, बाबा."

तो तिच्या उशाशी बसला आहे. मी तिच्यासमोर जायचं टाळतो. मी गेलो की ती चेहरा सारखा करते. मी बाहेर आलो की परत कण्हणं ऐकू येतं. अंगणात बसून ऐकत असतो. घरात जाऊन तेही बंद पाडू नये असं वाटतं.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी गाडी आली. दुखण्याच्या डॉक्टरांची नर्स, मध्यम वयाची बाई, घाम पुसत आत शिरली आणि सरळ मालनजवळ जमिनीवर बसली. कसला कागद काढला नाही. मला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर थांबा. या वेळी थांबलो. दाराआडून मालनचा आवाज येत होता. ती बोलत होती. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं होतं, आठवेना. काय बोलत होती ते कळलं नाही. मी कान दिला नाही.

गोळी इतकीशी असते. दर चार तासांनी द्यायची. नर्सनं पोट साफ होण्याचं औषध दिलं, वेळा पवनकडून लिहून घेतल्या. जाताना मला म्हणाली, "शेवट लांब नाही. पण दुखणं राहणार नाही."

संध्याकाळी मालन झोपली. कपाळावरची आठी गेली. मी पंख्यानं वारा घालत तिच्याकडे बघत बसलो. या चेहऱ्याची बाई माझ्या घरात होती हे मी विसरून गेलो होतो. पवन शेजारी बसून रडला, मग मीही.

बुधवार, २३ एप्रिल

सकाळी मालननं आपण होऊन पिठलं मागितलं. तीन घास खाल्ले. उशीला टेकवून बसवली तर बसली. केस विंचरून घेतले. आलेल्या बायांशी बोलली, एकीच्या सुनेची चौकशी केली. पवन आंघोळीला गेला तेव्हा आम्ही दोघंच होतो.

गोळीचं पाकीट तिच्या उशाशी होतं. ते तिनं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"गुरुजी, ही गोळी नवीन निघाली का?"

"का गं?"

"न्हाई, आसंच. त्या शेवटच्या खोलीत आधीबी मिळत आसंल का?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. पाण्याचा तांब्या भरलेला होता, तरी उचलून परत खाली ठेवला.

"नाही," मी म्हणालो. "ही आत्ताच आलीय. गेल्या आठवड्यात."

तिनं पाकीट जागेवर ठेवलं आणि माझा हात हातात घेतला. हात गरम होता तिचा.

"मंग बरं," म्हणाली. "मला वाटलं, आधीपास्नं आसंल. नवीन आसंल तर मंग कुणाचाच इलाज न्हाई." आणि थोड्या वेळानं, "तुमी कालपास्नं जेवला न्हाईत, पवन म्हणत व्हता. पिठलं उरलंय. जेवून घ्या."

तिला पटलं असावं. मी उठलो आणि ताट वाढून घेतलं.